हाड बाहेर काढून किरणं द्यायची, पुन्हा बसवायचं: ईसीआरटी कोणी घ्यावी, कोणी टाळावी

हाडाच्या कॅन्सरमध्ये हात-पाय वाचवायच्या ऑपरेशनला रेडिएशनची जोड दोन तऱ्हांनी मिळते. पहिली ओळखीची आहे. ऑपरेशन होऊन जखम भरली की रुग्णाला मशीनखाली झोपवून पाच-साडेपाच आठवडे रोज थोडी थोडी किरणं द्यायची. दुसरी ऐकून माणूस दचकतो. ऑपरेशन चालू असतानाच कॅन्सरचं हाड कापून बाहेर काढायचं, पिशवीत बंद करून रेडिएशन विभागात न्यायचं, एकाच दमात 50 ग्रेचा (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) डोस द्यायचा आणि तेच हाड त्याच रुग्णाच्या पायात परत जोडायचं. तिला एक्स्ट्राकॉर्पोरियल रेडिओथेरपी म्हणतात, वॉर्डात नुसतं ईसीआरटी. 1968 साली स्पिरा आणि लुबिन यांनी ती पहिल्यांदा मांडली. आपल्याकडे मुंबईचं टाटा मेमोरियल आणि दिल्लीचं एम्स इथून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झालेले आहेत. हे परीक्षण मुख्यतः तिचंच आहे. पहिल्या तऱ्हेबद्दल शेवटाकडे लिहिलंय, कारण काही रुग्णांना दोन्ही लागतात आणि तिथेच गुंता होतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. मांडीच्या, नडगीच्या किंवा दंडाच्या हाडाच्या मधल्या भागात गाठ आहे, हाडाची भिंत बऱ्यापैकी शाबूत आहे, केमोने गाठ आटोक्यात आलीय आणि ऑपरेशन थिएटर व लिनॅक (किरणं देणारं मशीन) एकाच आवारात आहेत, हे सगळं जुळत असेल तर खर्चाच्या मानाने याला तोड नाही. यातली एखादी गोष्ट जुळत नसेल तर दुसरे पर्याय आधी बघावेत. ‘स्वतःचंच हाड राहतं’ या एका वाक्यावर भाळून होकार देऊ नये.

शरीराबाहेर किरणं का?

हाडाचे कॅन्सर किरणांना सारखा प्रतिसाद देत नाहीत. युइंग सारकोमा हा प्रकार किरणांनी विरघळतो. 1921 साली जेम्स युइंग यांनी या गाठीचं वर्णन केलं, तेव्हा ती इतर हाडांच्या गाठींपेक्षा वेगळी वाटण्याचं एक कारण हेच होतं. ऑस्टिओसारकोमाचं उलट आहे. शरीर सोसू शकेल एवढ्या डोसला तो नीट दबत नाही, म्हणून त्याचा इलाज म्हणजे केमो आणि ऑपरेशन. काँड्रोसारकोमा तर केमोलाही फारशी दाद देत नाही.

हाड शरीराबाहेर आलं की ‘शरीर सोसेल का’ हा प्रश्नच उरत नाही. त्वचा, नस, रक्तवाहिनी, स्नायू, वाढीची पट्टी (मुलांचं हाड जिथून लांब होतं तो थर) यातलं काहीच किरणांच्या वाटेत नसतं. एका वेळी दिलेले 50 ग्रे म्हणजे रोज 2 ग्रेच्या हिशोबात ढोबळमानाने 250 ग्रेची ताकद. एवढ्या मोठ्या एकरकमी डोसला हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाज यायला पुरे. रोजच्या उपचारात 60-70 ग्रेच्या पुढे जाताना डॉक्टर दहादा विचार करतात. इथे हाडातली प्रत्येक पेशी मरते, कॅन्सरची आणि चांगलीही. परत बसवलेलं हाड मेलेलंच असतं. ते फक्त आकार आणि आधार देतं. दोन्ही टोकांना असलेलं जिवंत हाड हळूहळू त्याला चिकटतं आणि वर्षानुवर्षं इंचाइंचाने त्याच्यात शिरत राहतं.

‘या हाडातून घरच्यांना किरणं लागतील का?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक कुटुंब विचारतं. लागत नाहीत. यासाठी साधारणपणे 6 एमव्ही ऊर्जेचा किरण वापरतात, त्याने हाड किरणोत्सारी होत नाही. मशीन बंद झालं की विषय संपला. लहान मूल मांडीवर घ्या, शेजारी झोपा, काहीही अडचण नाही.

तुकडा आणि एमआरआय: निम्मं काम इथेच होतं किंवा बिघडतं

ईसीआरटीच्या रुग्णाचं नुकसान बहुतेक वेळा ऑपरेशनच्या कित्येक आठवडे आधी झालेलं असतं. गाठीवर मालिश, हाडवैद्याचा पट्टा, ‘पू असेल’ म्हणून मारलेली चीर, किंवा तपासणीसाठी भलत्या जागेवरून घेतलेला तुकडा. सुईने तुकडा घेतल्याने कॅन्सर सर्वत्र पसरतो ही भीती खरी नाही. पण सुई ज्या वाटेने गेली ती सगळी वाट, त्वचेपासून हाडापर्यंत, पुढच्या ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर कापून काढावी लागते. सुई चुकीच्या बाजूने गेली तर वाचवता आले असते असे स्नायू किंवा मुख्य नस त्या वाटेत सापडतात. म्हणून जो चमू ऑपरेशन करणार त्यानेच तुकडा घ्यावा, निदान त्याला विचारून घ्यावा.

एमआरआय पूर्ण हाडाचा हवा, वरच्या आणि खालच्या सांध्यासकट. नुसत्या गुडघ्याचा नको. त्याच हाडात लांबवर दुसरा छोटा ठिपका असू शकतो आणि तो सुटला तर पुढचं सगळं वाया जातं. मज्जेत गाठ कुठवर गेलीय ते एमआरआयच्या टी-वन प्रकारच्या चित्रांत सगळ्यात स्वच्छ दिसतं. तिथून पुढे साधारण 2 ते 3 सेंटीमीटर चांगलं हाड सोडून काप घ्यायचा. सांधा वाचवायचा असेल तर सांध्याजवळ उरणाऱ्या तुकड्यात दोन-तीन स्क्रू पकडतील एवढी जाडी लागते. ती नसेल तर सांधा वाचवायचा हट्ट सोडलेला बरा.

छातीचा सीटी स्कॅन आणि पेट स्कॅन किंवा बोन स्कॅन केमोच्या आधीच व्हायला हवेत. ऑपरेशन साधारण अडीच-तीन महिन्यांच्या केमोनंतर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स वर आल्यावर होतं. त्यानंतरची केमो तीन आठवड्यांच्या आत पुन्हा सुरू व्हायला हवी. जखम चिघळली तर केमो लांबते, आणि केमो लांबणं हे पायापेक्षा जिवाला महाग पडतं. कुठलंही मोठं रीकन्स्ट्रक्शन (काढलेल्या हाडाच्या जागची पुन्हा बांधणी) निवडताना हा हिशोब आधी मांडायचा असतो, आणि कुटुंबांशी बोलताना नेमका तोच सगळ्यात कमी बोलला जातो.

ऑपरेशनच्या दिवशी काय घडतं

कापायच्या आधी सर्जन हाडाच्या पुढच्या बाजूला कापाच्या वर आणि खाली कॉटरीने (विजेवर तापणाऱ्या उपकरणाने) किंवा करवतीने सरळ खूण करतो. दिसायला क्षुल्लक, पण तिच्यावर पायाची दिशा ठरते. हाड तासाभराने परत आलं की ते गोल नळी असतं, त्याची पुढची बाजू कोणती हे नुसतं बघून कळत नाही. खूण नसेल तर पाऊल आत किंवा बाहेर वळून बसतं आणि ते जन्मभर तसंच राहतं.

गाठ, तिच्याभोवती चांगल्या मांसाचा थर आणि सुईची वाट, हे सगळं एकसंध काढतात. मग बाजूच्या निर्जंतुक टेबलावर दुसरं काम सुरू होतं. हाडावरचं मांस आणि गाठीचा बाहेर आलेला भाग सोलून पॅथॉलॉजीला पाठवायचा. आतली मज्जा खरवडून काढायची, तीही पाठवायची. कापाच्या टोकांवरच्या मज्जेचा फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच होणारी झटपट तपासणी) करून तिथे गाठ नाही याची खात्री करायची. जिथे स्नायूचे कंडरे (स्नायू हाडाला बांधणारे दोर) पुन्हा शिवायचे आहेत, उदाहरणार्थ नडगीच्या वरच्या टोकाला गुडघ्याच्या वाटीचा कंडरा, तिथे त्यांची मुळं हाडावर राखून ठेवायची. मग सलाइनच्या जोरदार धारेने हाड धुवायचं.

धुतलेलं हाड व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकच्या द्रावणात भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून एकात एक अशा दोन-तीन निर्जंतुक प्लास्टिक पिशव्यांत घालतात. हवा दाबून काढायची, तोंड घट्ट बंद करायचं. बाहेरच्या पिशवीवर नाव, फाइल नंबर, बाजू. परत आल्यावर बाहेरची पिशवी थिएटरमधला फिरता कर्मचारी उघडतो आणि आतली हातमोजे घातलेली नर्स उचलते. बाहेरच्या पिशवीने मशीनचा कोच (रुग्ण झोपतो ते टेबल), ट्रॉली, लिफ्ट सगळ्याला हात लावलेला असतो, म्हणून हा क्रम चुकून चालत नाही.

आता रेडिएशन विभाग. इथे सगळ्यात दुर्लक्षित पण सगळ्यात कळीची गोष्ट म्हणजे पिशवीतली आणि पिशवीभोवतीची हवा. 6 एमव्हीचा किरण पृष्ठभागावर पूर्ण ताकद देत नाही, साधारण दीड सेंटीमीटर आत गेल्यावर देतो. उघडं हाड तसंच कोचवर ठेवलं तर वरच्या थराला डोस कमी मिळेल, आणि गाठीच्या पेशी चिकटून राहण्याची शक्यता नेमकी त्याच थरात जास्त. म्हणून पिशवी प्लास्टिकच्या डब्यात ठेवून भोवती पाणी किंवा सलाइनच्या पिशव्या, जेलचे पॅड, कधी कधी चक्क तांदळाच्या पिशव्या ठासून भरतात. वर-खाली, चहूबाजूंनी दीड-दोन सेंटीमीटरचं आवरण हवं आणि मध्ये पोकळी राहता कामा नये. दंडाच्या किंवा मांडीच्या हाडाच्या गोलसर टोकाजवळ पिशवीला सुरकुती पडून हवेचा कप्पा उरतो. तो हाताने चाचपून काढावा लागतो.

किरण समोरासमोरच्या दोन दिशांनी देतात, निम्मा वरून, निम्मा खालून, म्हणजे डब्याच्या जाडीभर डोस सारखा पसरतो. खालचा किरण कोच पार करून येतो. त्यात थोडी ताकद गळते, तेवढी भर फिजिसिस्टने (डोसचं गणित करणाऱ्या तज्ज्ञाने) आधीच धरलेली असते. एकूण 5,000 ते 6,000 मॉनिटर युनिट्स (मशीन किती किरणं सोडतं त्याचं माप) लागतात. मिनिटाला 600 युनिट्स देणाऱ्या मशीनवर हे आठ-दहा मिनिटांचं काम, 300 वर सतरा ते वीस मिनिटांचं. काही मशीन एका फील्डला (एका वेळच्या किरणाच्या झोताला) 999 च्या वर युनिट्स स्वीकारत नाहीत, त्यामुळे डोस सहा-सात तुकड्यांत भरून द्यावा लागतो. हे आदल्या दिवशी रिकाम्या डब्यावर बसवून ठेवलेलं असेल तर त्या दिवशी फक्त जाडी मोजायची राहते. ठेवलेलं नसेल तर रुग्ण भुलेखाली उघडा पडलेला आणि इकडे फिजिसिस्ट कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला, असं होतं.

नेण्या-आणण्यासकट पाऊण ते दीड तास जातो. त्या वेळात सर्जन रक्तस्राव थांबवतो, नसा-रक्तवाहिन्या तपासतो, उरलेल्या हाडाची टोकं तयार करतो. पायाला बांधलेला टूर्निके (रक्त रोखणारा पट्टा) दोन तासांच्या वर ठेवायचा नसतो, म्हणून मधल्या वेळेत तो सोडतात. रेडिएशन विभाग दुसऱ्या इमारतीत असेल आणि मधे रस्ता असेल तर हीच वेळ अडीच तासांवर जाते. आम्ही या सेवेत सर्वात जास्त गुण किंवा सर्वात कमी गुण याच एका गोष्टीवर देऊ. सर्जन किती नामांकित आहे यापेक्षा थिएटर आणि लिनॅक यांच्यातलं अंतर आणि त्यांचा फोनवरचा ताळमेळ जास्त बोलतो.

हाड परत आलं की पुन्हा धुऊन, खुणा जुळवून, लांब प्लेटने जोडतात. प्लेट संपूर्ण हाड ओलांडून दोन्ही बाजूंच्या जिवंत हाडात पुरेशी जायला हवी. मेलेल्या हाडाच्या मधेच संपलेली प्लेट म्हणजे तिथे पुढे फ्रॅक्चर होण्याची सोय. मज्जेच्या रिकाम्या पोकळीत बऱ्याचदा बोन सिमेंट भरतात, त्याने स्क्रूला पकड मिळते. मांडी किंवा नडगीसाठी काही ठिकाणी रुग्णाच्याच पायातली फिब्युला (नडगीशेजारचं बारीक हाड) रक्तवाहिनीसकट काढून या पोकळीत घालतात. जिवंत हाड आत असल्याने जोड लवकर धरतो, पण ऑपरेशन चार-पाच तासांनी वाढतं आणि मायक्रोसर्जन लागतो. नडगीच्या वरच्या टोकाला वर झाकायला मांस कमी असतं, तिथे पोटरीचा स्नायू फिरवून आणतात. तो न आणता नुसती कातडी ओढून शिवली तर जखम उसवते.

कुठे बिघडतं

कॅन्सर परत आला तर तो बहुतेक भोवतीच्या मांसात येतो. किरणं दिलेल्या हाडात येणं दुर्मीळ. म्हणजे पद्धतीचा मूळ दावा टिकतो. बिघडतं ते हाडाच्या यांत्रिक बाजूला.

जोड न धरणं ही पहिली तक्रार. सांध्याजवळचा, मऊ हाडातला जोड पाच-सहा महिन्यांत धरू शकतो. नळीच्या मधला कठीण हाडाचा जोड नऊ महिने, कधी वर्षाच्या वर घेतो, आणि चालू केमो त्याला आणखी मागे ओढते. तोवर सगळं वजन प्लेट-स्क्रूवर असतं. रुग्णाला बरं वाटायला लागतं, कुबडी कोपऱ्यात जाते, आणि एक दिवस प्लेट तुटते. पहिले सहा आठवडे पायावर अजिबात भार नको, नंतर एक्स-रेमध्ये जोडावर नवं हाड दिसेल तसतसा वाढवायचा. दर सहा-आठ आठवड्यांनी एक्स-रे काढायचा. तंबाखू आणि सिगरेट हाड जुळण्याच्या आड येतात. घरातल्यांनी हे लाजेकाजेस्तव झाकून ठेवू नये.

दुसरी, इन्फेक्शन. मेलेल्या हाडात रक्तपुरवठा नाही, त्यामुळे अँटिबायोटिक तिथवर पोचत नाही. दहात एक एवढी शक्यता गृहीत धरूनच घरच्यांनी तयारी ठेवावी. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, जखमेतून पाणी, टाक्यांभोवती लाली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या ठिकाणी दाखवायचं. गावच्या दवाखान्यात दोन इंजेक्शनं घेऊन ‘बघू सोमवारी’ केलं की नंतर कधी कधी पूर्ण हाडच काढावं लागतं.

तिसरी, सांध्याचा पृष्ठभाग. सांध्यासकट हाड काढून किरणं देऊन परत बसवलं तर कूर्चाही (सांध्यावरचा गुळगुळीत थर) मेलेली असते. दोन-चार वर्षांत ती झिजते, खालचं हाड दबतं. म्हणून सांध्याच्या टोकाला कृत्रिम सांधा आणि उरलेल्या नळीला किरणं दिलेलं हाड, अशी मिश्र जोडणी करतात.

एक त्रुटी अशी आहे की तिच्यावर इलाज नाही. ऑस्टिओसारकोमात केमोने किती टक्के गाठ मेली हे पूर्ण हाडाचे काप करून पाहतात. 90 टक्के ही केमो चांगली लागू पडल्याची सीमारेषा धरतात. इथे हाडच परत शरीरात जातं, त्यामुळे पॅथॉलॉजिस्टला फक्त सोललेलं मांस आणि खरवडलेली मज्जा मिळते. टक्केवारी येते, पण तिच्यावर पूर्ण हाडाच्या तपासणीइतकी भिस्त ठेवता येत नाही. होकार देण्याआधी हे स्पष्ट सांगितलेलं असावं.

आणि ज्यांनी ही सेवा घेऊच नये: ज्यांचं हाड गाठीने पोखरून वाळवी लागलेल्या खांबासारखं झालंय, ज्यांना गाठीतून मोठं फ्रॅक्चर झालंय, ज्यांच्या मुख्य रक्तवाहिन्या आणि नसा गाठीत गुरफटल्यात. किरणं हाडाला निर्जीव करतात, मजबूत करत नाहीत. जे हाड काढण्याआधीच ठिसूळ होतं ते परत बसवल्यावरही ठिसूळच राहणार.

दुसऱ्या पर्यायांशी तुलना

धातूचा मेगाप्रोस्थेसिस (हाड आणि सांधा दोन्हींच्या जागी बसणारा मोठा कृत्रिम भाग) लावला तर रुग्ण काही आठवड्यांत पायावर उभा राहतो, हाड जुळायची वाट बघायची नाही. गुडघ्याजवळच्या गाठींसाठी आजही हाच सर्रास निवडला जातो आणि ते बरोबरच आहे. भारतीय बनावटीचे परवडतात, परदेशी लाखांच्या घरात जातात. पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या पायात बसवलेला धातू त्याच्या आयुष्यात एकदा तरी ढिला होणार, बदलावा लागणार. मधल्या नळीच्या गाठीत ईसीआरटी इथे सरस ठरते: दोन्ही सांधे स्वतःचे राहतात, आणि हाड एकदा जुळलं की वर्षं सरतील तसा जोड पक्का होतो. रुग्णाचं हाड त्याच्याच मापाचं असतं, मागवायला लागत नाही, आणि बाहेरच्या माणसाचं हाड, म्हणजे अ‍ॅलोग्राफ्ट, साठवणाऱ्या हाडपेढ्या आपल्याकडे मोजक्याच आहेत.

किरणांऐवजी हाड उणे 196 अंशांच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवून गोठवायची पद्धत जपानच्या कानाझावामधून आली. साधारण वीस मिनिटं बुडवायचं, मग हळूहळू वितळू द्यायचं. लिनॅक लागत नाही, हाड थिएटरबाहेर जात नाही, ही मोठी सोय. ज्या हॉस्पिटलमध्ये रेडिएशन विभाग दूर आहे तिथे आम्ही ईसीआरटीपेक्षा हीच सुचवू. साधारण 60-65 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची पाश्चरायझेशनची पद्धतही आहे. ऑटोक्लेव्हमध्ये उकडलेलं हाड मात्र कमजोर होतं आणि हाड वाढवणारी प्रथिनं त्यात नष्ट होतात. दुसरं काही उपलब्ध असताना ते टाळावं.

लहान मुलांत वाढीची पट्टी काढावी लागली तर पाय आखूड राहणार, ही बाब ईसीआरटी सोडवत नाही. तिथे लांब होणारा प्रोस्थेसिस किंवा रोटेशनप्लास्टी यांची चर्चा व्हायला हवी. रोटेशनप्लास्टीत घोट्याचा गुडघा करतात, दिसायला विचित्र वाटतं म्हणून घरचे नकार देतात, पण ती मुलं कृत्रिम पाय लावून धावतात, खेळतात.

नंतरचं रेडिएशन: कधी, किती, आणि गोंधळ कुठे

युइंगमध्ये कापाच्या कडेला गाठ उरली किंवा केमोचा परिणाम कमी दिसला तर ऑपरेशननंतर बाहेरून किरणं द्यावी लागतात. सूक्ष्म गाठीसाठी नेहमीचा डोस 50.4 ग्रे, रोज 1.8 ग्रेने 28 दिवस. डोळ्यांना दिसणारी गाठ शिल्लक असेल तर 55.8 ग्रे, 31 दिवस. शनिवार-रविवार सुट्टी. सुरुवात जखम पूर्ण भरल्यावर. डॉक्सोरुबिसिन हे केमोतलं औषध किरणांच्या काळात थांबवतात, नाहीतर कातडी सोलवटते.

आता गुंता. किरणं दिलेलं हाड आधीच बसवलेलं असेल तर या दुसऱ्या फेरीचे किरण त्या हाडाला काहीच करत नाहीत, पण जोडाच्या पलीकडच्या जिवंत हाडाला करतात. जोड धरायचा तोच भाग मंदावतो. म्हणून युइंगमध्ये ऑपरेशनआधीच मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, सर्जन आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट तिघांनी एका टेबलावर बसून ठरवायचं: नंतरचं रेडिएशन लागण्याची दाट शक्यता असेल तर ईसीआरटी करायची की धातू लावायचा. ‘रिपोर्ट आल्यावर बघू’ हे उत्तर इथे पुरेसं नाही.

बाहेरून किरणं घेणाऱ्याने प्लॅनिंगच्या वेळी एक प्रश्न नक्की विचारावा: पायाच्या लांबीत कातडीची एक पट्टी किरणांबाहेर ठेवलीय का? पायाचा पूर्ण घेर किरणांत आला तर लसिका (ऊतींमधला पाणीदार द्रव) वाहून जायला वाट उरत नाही आणि पाय कायमचा सुजतो. मुलांत वाढीच्या पट्टीला 20 ग्रेच्या वर गेलं की तिथली वाढ खुंटते, हे लक्षात घेऊन फील्डची कडा ठरवावी लागते. आत धातू असेल तर सीटीमध्ये रेघोट्या उमटतात, फिजिसिस्टला त्या दुरुस्त करायला वेळ द्या, घाई करू नका.

रोजच्या काळजीत तेल, हळदीचा लेप, गरम पिशवीचा शेक बंद. साध्या पाण्याने आंघोळ, सैल सुती कपडे, मलम किरणं घेतल्यानंतरच. गुडघा आणि घोटा रोज हलवायचा. किरणं चालू असताना जो व्यायाम सोडतो त्याचा सांधा दोन महिन्यांत आखडतो.

कण्याजवळच्या किंवा कटीतल्या, ऑपरेशनला न जमणाऱ्या गाठींसाठी प्रोटॉनचा पर्याय आता नवी मुंबईत खारघरला टाटाच्याच अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे. हातापायाच्या गाठीसाठी त्याच्या मागे धावायची बहुधा गरज नसते.

खर्च, राहणं, कागद

ईसीआरटीत किरणांचा खर्च एका सत्राचा असतो. मोठा भाग थिएटर, प्लेट आणि केमोचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवावं. योजनेच्या मंजुरीत प्लेट-स्क्रूची रक्कम धरलीय का ते आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला) आधीच विचारा, ऑपरेशनच्या आदल्या रात्री नको. परळला टाटा मेमोरियलमध्ये येणाऱ्यांची राहायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, मुलांसाठी सेंट ज्यूडच्या केंद्रांत होऊ शकते. दोन्हीकडे हॉस्पिटलची चिठ्ठी लागते आणि रांग असते.

केंद्र निवडताना विचारायचं ते एवढंच: लिनॅक कुठे आहे, त्या दिवशीचा स्लॉट लेखी राखलाय का, मशीन बंद पडलं तर दुसरं कोणतं, दोन्ही बंद पडली तर थिएटरमध्ये प्रोस्थेसिस किंवा लिक्विड नायट्रोजन तयार आहे का, फ्रोझन सेक्शन होतो का. मशीन बंद पडण्याच्या दोन प्रश्नांना ‘तसं कधी झालं नाही’ असं उत्तर मिळालं तर दुसऱ्या ठिकाणी मत घ्या.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डासोबत रेडिएशन विभागाचा डोसचा कागद मागून घ्या: तारीख, 50 ग्रे, किरणांची ऊर्जा. इम्प्लांटच्या पेटीवरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेत का, प्लेट टायटॅनियमची की स्टीलची, तेही बघा. दहा वर्षांनी पाय मोडून रुग्ण भलत्याच शहरात अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेला, तर एक्स-रेमध्ये ते हाड साध्या हाडासारखंच दिसतं. ते किरणं दिलेलं आहे, त्यात साध्या फ्रॅक्चरसारखा जोड धरणार नाही, हे त्या डॉक्टरला फक्त त्या कागदावरूनच कळणार आहे.